दंडासाठी गाऱ्हाणं

देवाला व्यायामशाळेत राबवून घेणारा माणूस सिंधुदुर्गात एकच, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा. कट्टा गावच्या बाजारामागे त्यांची पत्र्याची व्यायामशाळा आहे. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. देवापुढे उभं राहून साऱ्या गावाचं मागणं मांडायचं आणि लोकांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. हा मान वर्षातून चार-दोनदाच मिळे आणि तेवढ्यावर मामांचं भागत नसे. म्हणून उरलेलं वर्ष ते डंबेल उचलणाऱ्यांसाठी गाऱ्हाणी घालत. एरवी मला ‘जावयबापू, बसा’ म्हणणारे मामा व्यायामशाळेचा उंबरठा ओलांडला की थेट ‘रे’वर येत.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं काम माझ्याकडे, आणि माझे दंड म्हणजे शेवग्याच्या शेंगा. उचलायचो कसाबसा, पण खाली ठेवताना हात दगा देत. एकदा बाबा खुर्चीत चक्क आदळले. तेव्हापासून मी हात लावला की ते डोळे घट्ट मिटून घेत. मला त्या मिटलेल्या डोळ्यांची फार लाज वाटे.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाट पण होडी उचलता रे. पण ठेवताना आपटता. तू माणूस आसस मा?"

मग रीत ठरली. मामांचं गाऱ्हाणं चालू असेतो मी डंबेल सावकाश खाली आणायचं आणि ‘होय म्हाराजा’ म्हणत वर न्यायचं. पहिल्याच दिवशी मामांना सूर सापडला. माझ्या दंडापासून निघून आंब्याचा मोहोर, सुनेची बदली, तळेऱ्याच्या व्याह्यांचा गुडघा, सगळं त्यांनी देवाच्या कानावर घातलं. डंबेल वाटेतच थरथरत राहिलं. चौथ्या खेपेला मी आडवा. एवढ्याशा कामाने दंड काय भरणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं "बा देवा" म्हणून आवरतं घेतलं. मी झटक्यात वरखाली केलं आणि कोपर धरून बसलो. मग आठवडाभर मामा शब्द कापत नि जोडत होते. "देवाक सगळा कळता, दंडाक कळना नाय," असं पुटपुटत शेवटी त्यांनी तीन मोजेपर्यंत संपणारी ओळ पक्की केली. "बा देवा म्हाराजा, दंडाक वाईच मांस दी रे!" वजन असं की दहाएक खेपा निघाव्यात आणि शेवटच्या दोनांना ‘होय म्हाराजा’ रडतरडत बाहेर पडावं. लांबण लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी माझ्यासाठी एवढी छोटी ओळ रोज म्हटली. हे उपकार लहान नाहीत.

पाच-सहा महिन्यांनी सदऱ्याच्या बाह्या दाटू लागल्या. मग एका सकाळी मी बाबांना खुर्चीत टेकवलं, तर त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडेच बघत होते. मी तसाच कट्ट्याला गेलो नि मामांना सांगितलं. "बरा झाला," एवढंच म्हणून ते पाठ फिरवून पुसलेली डंबेलं पुन्हा पुसत राहिले.

त्यानंतर बाबा दीड वर्ष होते. अखेरच्या घटकेला त्यांना पलंगावरून जमिनीवर घ्यायचं ठरलं, तेव्हा पाचजण पुढे आले. मामांनी सगळ्यांना हाताने मागे केलं आणि मला वाट दिली. मी बाबांना उचललं आणि सावकाश खाली ठेवलं. त्यांना कुठेही लागलं नाही.