काकूंचे गरम रविवार

आमच्या शेजारच्या काकूंइतकी हवेशी प्रामाणिक बाई इंग्लंडमधल्या आमच्या अख्ख्या ब्रॅकनेल गावात सापडणार नाही, आणि त्यांच्या हवेत भेसळ केली ती मी. हे आधीच कबूल करतो. पुढे त्यांच्या लकबींवर तुम्ही खुशाल हसा. मला मात्र तो हक्क नाही.

काकूंसमोर "आज फार गारठा आहे" असं म्हणायची सोय नाही. लगेच विचारतात, "कुठं मोजलास?" फोनवरचं तापमान सांगितलं, तर विकतच्या पुरणपोळ्या पुढ्यात ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. त्यांच्या बागेत, आमच्या कुंपणाला लागून, झडपांची एक पांढरी पेटी आहे. तिच्यातला थर्मामीटर दिवसाचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान धरून ठेवतो. तो वाचताना काकू श्वास रोखतात, उबेनं पारा हलू नये म्हणून. काका होते तेव्हा एकदा पेटीजवळ चहा पीत उभे राहिले, तर "अहो, तो कप तिकडे न्या, आकडा बिघडेल!" म्हणून त्यांना बागेच्या पार दुसऱ्या टोकाला पिटाळलं होतं.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी लायब्ररीतला हवामानबदलाचा क्लास लावला. तिथे प्रत्येकानं आपल्या भागातल्या तापमानाच्या नोंदी तपासायच्या होत्या. काकूंनी गावाच्या जुन्या नोंदींशेजारी आपल्या बागेचे आकडे मांडले. क्लासातले एक गोरे गृहस्थ दर वेळी म्हणायचे, "उन्हाळे काय, पूर्वीही होतेच की." काकूंनी ठरवलं, त्यांना उत्तर द्यायचं. आवाज न चढवता, निव्वळ आकड्यांनी.

एका संध्याकाळी त्यांनी मला आलेख दाखवला. "हे बघ, ऑक्टोबरपासून दर रविवारी हा उंचवटा. तू कॉम्प्युटरवाला, तुला काय वाटतं?" अंदाज करायची गरजच नव्हती, मला कारण लगेच कळलं. खिडक्यांवर वाफ धरते म्हणून मी ऑक्टोबरातच कपडे वाळवायचा ड्रायर बागेतल्या शेडमध्ये हलवला होता, आणि त्याचा गरम हवेचा पाइप नेमका पेटीकडे तोंड करून होता. आमचे आठवड्याचे कपडे रविवारी वाळतात. आणि मी काय म्हणालो? "काकू, रविवारी सगळे घरी असतात, हीटिंग जोरात चालतं. त्यामुळे असेल." पाइप फिरवणं सोपं होतं, त्यांच्यासमोर मूर्ख ठरणं जमेना. काकू हरखल्या. "अरे, माझ्या डोक्यात आलंच नसतं!"

क्लासात बोलायच्या दिवशी मी त्यांना गाडीनं सोडायला निघालो. ठेवणीतली साडी, वर जाड कोट, पायांत ट्रेनर्स. "आज त्या गृहस्थांना रविवार दाखवते, माणसं हवा कशी तापवतात ते कळू दे," त्या म्हणाल्या. "आणि शेवटी तुझं नाव घातलंय हं. कल्पना तुझी, श्रेय मी कसं घेऊ?"

लायब्ररीच्या कार पार्कमध्ये मी इंजिन बंद केलं. बाहेर मार्चचं ऊन होतं, मार्चला न शोभण्याइतकं उबदार. ती ऊब खरी होती. पण माझ्या एका पाइपामुळे ते गृहस्थ आता त्या खऱ्यालाही हसले असते. काकू दाराकडे हात नेत होत्या.

"थांबा काकू," मी म्हणालो. "आत जाण्याआधी ते रविवार काढून टाका. ती आमच्या ड्रायरची हवा आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. माफ करा मला."