टाकीत ओतलेली मळी

लग्नाला वर्षभर झालं असेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात केमिस्ट म्हणून लागले. शहराच्या मैल्याचा गाळ तिथे एका बंद टाकीत कुजायचा आणि त्यातून गोबरगॅससारखा गॅस निघायचा. म्हणजे निघायला हवा होता. बर्नर पेटवला की ज्योत फडफडायची आणि विझायची. गॅसमध्ये मिथेनच कमी होता.

साहेब म्हणायचे, "कशाला डोकं शिणवताय मॅडम? टाकी बंदच करून टाकू."

ते ऐकलं की मला डबा जायचा नाही. गाळ पातळ होता, आतल्या जंतूंना पोटभर मिळत नव्हतं. पण घालायचं काय?

हातकणंगल्याला माहेरी गेले, तेव्हा आमचं गुऱ्हाळ चालू होतं. उकळत्या रसावरची मळी आप्पा, म्हणजे माझे वडील, काढून बाजूला टाकत होते. त्या मळीत साखर ठासून भरलेली.

"आप्पा, ही मला द्या."

"कशाला गं? म्हशीला?"

"आमच्या टाकीला."

आप्पा पुन्हा मळी काढायला लागले. लेक मैल्यात काम करते, हे त्यांनी भावकीत कुणाला सांगितलंच नव्हतं. तरी सोमवारी टेम्पोत मळीचे कॅन घालून, नाकाला टॉवेल लावून ते फाटकाशी हजर.

मी अधाशासारखी मळी ओतत सुटले. टाकी आंबली. फेस वर आला, लिटमस लाल झाला, होती ती ज्योतही गेली. साहेब नुसते बघून गेले. मी मळी थांबवली, चुना घातला. आता वाट बघायची, पण आत काय चाललंय ते दिसतंय कुठे? रविवारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून मी तिकडे जायचे. नवरा म्हणाला, "घरात पाहुणीसारखी वागतेस तू." पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलेच.

आंबटपणा उतरल्यावर पुन्हा सुरुवात केली, या वेळी एकेक बादली. एका सकाळी आप्पा कॅन उतरवत असताना बर्नर पेटवला. ज्योत निळी, आणि उभीच राहिली. आप्पांनी नाकावरचा टॉवेल काढला, वाकून बघितलं.

"गुऱ्हाळाच्या चुलवाणापेक्षा बरा जाळ हाय की!" मग म्हणाले, "शेजारच्या गुऱ्हाळवाल्याला सांगतो. म्हनावं, माझ्या लेकीला तुझी बी मळी पायजे."

साहेबांनी टाकी बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. पण उन्हाळा लागला, गुऱ्हाळं थंडावली आणि गॅस उतरायला लागला. डेअरीचं धुवण मिळतंय का, हॉटेलांतलं खरकटं कोण देतंय, हे विचारत मी भर उन्हात लुना घेऊन गावभर फिरायला लागले.