अकरा संपादकीयं

मासिक उर्दू होतं आणि त्याचं अक्षर पहिल्या अंकापासून एकाच माणसाचं होतं. सगळे त्याला कातिब म्हणत. छपाईसाठी हाताने मजकूर लिहून देणारा तो कातिब. खिडकीखालच्या उतरत्या मेजापाशी त्याने एकतीस वर्षं मान मोडून काम केलं. समोर लेप दिलेला पिवळा कागद, हातात बोरूची लेखणी, आणि चूक झालीच तर खरवडायला ब्लेड. एक ओळ बघायची, एक ओळ उतरवायची, पुढचं वाचायचं नाही, हा त्याचा नियम. वाचत बसलं की हात भरकटतो म्हणे. गावभरच्या शायरांचे प्रेमभंग त्याच्या हाताखालून गेले, पण याच्या डोळ्यांतून टिपूस आलं असेल तर शपथ.

मग संपादकसाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. अकरा महिने तोंडातून धड शब्द फुटेना. मासिक आता बुडतंय म्हणून लोक हळहळायला येऊन चहा पिऊन जात.  कातिबाने संपादकीय स्वतः लिहिलं, साहेबांच्या खाटेशी बसून त्यांना आणि त्यांच्या बायकोला, भाभींना, वाचून दाखवलं, आणि खाली साहेबांचं नाव घातलं. अशी अकरा लिहिली. वाचकांची पत्रं आली, आजारपणात साहेबांच्या लेखणीला धार चढली आहे!

साहेब बरे झाले तेव्हा त्याचा हात धरून ढसाढसा रडले. म्हणाले, "मासिकाचा इतिहास लिहीन ना, तेव्हा हे सगळं लिहीन. शब्द देतो."

"राहू द्या हो," कातिब म्हणाला. पण राहू द्यायचं त्याच्या मनात मुळीच नव्हतं. तेरा वर्षं तो त्या शब्दावर जगला.

अखेर साहेबांनी इतिहास लिहायला घेतला, आणि हस्तलिखित अर्थातच त्याच्याच मेजावर आलं. जन्मात पहिल्यांदा त्याने पुढची पानं चाळली. आजारपणाचं वर्ष सापडलं. तिथे लिहिलं होतं: 'खाटेवर पडल्या पडल्या मी संपादकीय सांगत असे आणि आमचे इमानदार कातिब एक टिंब, एक नुक्ताही न गाळता उतरवून घेत.'

तो तसाच उठून साहेबांच्या घरी गेला.

"साहेब, तुमची वाचा गेली होती."

"अरे, अडखळत का होईना, बोलत होतोच की! तुला कळायचं, म्हणून तर तू लिहायचास." साहेब हसले. त्या हसण्यात लबाडी असती तर कातिबाला भांडता तरी आलं असतं. म्हातारा मनापासून तसंच धरून चालला होता.

कातिब भाभींकडे वळला. "भाभी, तुम्ही तर होतात तिथे."

भाभींनी चष्मा काढून पुसला. "ते सांगायचे, तुम्ही लिहायचात," त्या म्हणाल्या. "या वयात आता त्यांना कशाला छळता?"

साहेब विसरले होते, हे एक वेळ ठीक. भाभींना सगळं आठवत होतं. कातिब जिना उतरून आपल्या मेजाकडे परतला.

इतिहास छापलेला अंक निघाला. घरी बायकोने तो उघडला. तिनेही ती अकरा संपादकीयं छापण्याआधीच ऐकलेली होती. ते पान वाचून तिने अंक मिटला.

"आणि हे तुम्ही लिहून दिलंत? तुमच्या हाताने?"

"हो."

"नाही म्हणायचं होतं. दुसऱ्या कुणाकडून तरी घेतलं असतं लिहून."

कातिब खाली बघत म्हणाला, "दुसऱ्याने चुका केल्या असत्या."