काकूंची अंघोळ

आमच्या वाडीत पाणी दिवसाआड येतं. त्याविरुद्धची पत्रकं वाटत मी शेजारच्या लीलाकाकूंकडे गेले, तर त्या मोरीबाहेर स्टुलावर बसलेल्या. मांडीवर पंचा आणि त्यावर घडी घातलेलं धुवट पातळ. स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "आई, आज राहू द्या. उद्यापर्यंत पाणी पुरवायचंय. तुम्हाला कुठे बाहेर जायचंय?"

"कुठे नाही गं," काकू म्हणाल्या आणि पंच्याच्या दशा सारख्या करत राहिल्या.

सून वाईट नाही. तिला कामावर जायचं होतं, पोरांची शाळा होती. तरी मला संताप आला. अंघोळ काय लोकांना दाखवायला करतात? ज्याला कुणी कुठे बोलावत नाही, त्याच्या अंगावर ऊन पाणी पडायला नको? पाठीवरून तांब्याभर पाणी ओघळतं, तेव्हा माणसाला पटतं की रात्र सरली आणि आजचा दिवस आपलाही आहे. आमच्या एकाही पत्रकात हे लिहिलेलं नाही.

मी घरून बादलीभर ऊन पाणी आणलं. "कशाला गं उगीच," म्हणत काकू आत गेल्या. बराच वेळ तांब्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या त्या ओल्या केसांचा बुचडा बांधतच. खिडकीशी गेल्या आणि कितीतरी दिवसांनी समोरच्या घरात आपणहून हाक मारली, "काय गं सुमन, आज भाजी कसली?"