वासाची माफी

गुरुजींनी मला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, "वर्गाला सॉरी म्हण."

कशाबद्दल? तर माझ्या हातांच्या वासाबद्दल. आम्ही धाकट्या डहाणूचे, मासेमारी करणारे. पहाटे मी आईबरोबर बोंबील वाळत घालायचे, मग शाळेत जायचे. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. आठवीत नुकतंच इंग्रजी सुरू झालेलं. मी सॉरी म्हटलं. मग रोजच म्हणावं लागलं.

बाकीच्या पोरी तो शब्द किती सहज वापरायच्या! कोपर लागलं, सॉरी. दौत सांडली, सॉरी. हसून मोकळ्या. मला मात्र काहीही न सांडता मान खाली घालून म्हणावा लागे. तरी मी मूर्ख, इंग्रजी येतं म्हणून घरी मिरवलं. आईलाही तो शब्द शिकवला. "माफ करा म्हणायचं असलं की हे म्हणायचं."

नारळी पुनवेनंतर होडी पहिल्यांदा बाहेर पडली. पहिल्या जाळ्यातला चांगला वाटा मोठ्या माणसाच्या घरी द्यायचा, ही आमची रीत. आईला गुरुजींपेक्षा मोठं कोण? तिनं दोन पापलेटं पानात बांधून त्यांच्या ओट्यावर ठेवली. ते मासे खात नसतील, हे तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वर्गाच्या दारात बोलावलं.

"माझं घर बाटवलंस. पोरांसमोर माफी माग."

आईनं डोक्यावरची टोपली उतरवली. हात जोडले. माझ्याकडे बघत, आठवून आठवून म्हणाली, "सारी, गुरुजी."

वर्ग खदखदून हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो शब्द मीच तिच्या तोंडात घातला होता.

मी उठले. "आये, हात जोडू नको. तू वाटा दिलास, चोरी नाय केलीस." मग गुरुजींना म्हटलं, "मीपण आजपासून सॉरी म्हणणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

वाटेत आईनं हळूच विचारलं, "बाय, माजं बोलणं चुकलं काय? हसली कशाला ती?"

मी रडत राहिले. शाळा सुटली ती सुटलीच. शिकायची फार हौस होती मला. ते दुःख अजून जात नाही.

पुढे माझ्या पोरीला शाळेत घातलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मास्तरांना सांगितलं, "हिच्या हाताला मासळीचा वास येईल. चालत नसेल तर आत्ताच सांगा. मी इथे दारात बसते. हिला वर्गात घेईपर्यंत उठणार नाही."