पिस्तुलाची नवी माशी

माझ्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला तो माझ्याच चुकीने. आमचं जहाज सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभं होतं. इंजिनरूममध्ये मी एक झडप ग्राइंडरवर घासत होतो आणि घामाने काच धुरकटते म्हणून गॉगल कपाळावर सरकवला होता. दोन मिनिटांचं तर काम. डॉक्टरांनी कण काढला, डोळा वाचला, पण बुबुळावर ऐन मधोमध पुसटसा डाग राहिला. पुढच्या तपासणीत मी समुद्रावर जायला अपात्र ठरलो.

कंपनीने काढून टाकलं नाही हे खरं. सुट्या भागांच्या ऑर्डरी बघायला सिंगापूरच्याच ऑफिसात टेबल दिलं. बायको औरंगाबादहून आली, आम्ही समुद्राकाठच्या बेडोक भागात फ्लॅट घेतला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सलग सहा महिने एकाच घरात राहिलो. तिला त्याचा आनंद होता. मी मात्र संध्याकाळी खिडकीशी उभा राहून समुद्रावरची जहाजं बघायचो.

"अहो, रोज तिथे उभं राहून काय मिळतं?" एकदा ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसातले ते मित्र नेमबाजीला बोलावतात ना? जा की. एनसीसीत बक्षिसं घेत होतात म्हणे."

"आपल्याकडे सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी पिस्तूल चालवायचं?"

"कागदच फाडणार आहात. कागदाला मारण्यात कसली हिंसा?"

गेलो. क्लबात पिस्तुलं क्लबचीच असत. ती कुलपातल्या खोलीतून सही करून घ्यायची आणि निघताना परत करायची. त्यांची देखभाल एक म्हातारे चिनी गृहस्थ करत. सगळे त्यांना अंकल म्हणत, म्हणून मीही. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध धरायची, एवढीच तर नेमबाजी. पण त्या बारीक काळ्या माशीवर माझ्या डोळ्यातला डाग येऊन बसे आणि ती गायबच होई. डाव्या डोळ्याने बघायचं तर मान वाकडी व्हायची. चार महिने माझ्या गोळ्या कागदभर विखुरत राहिल्या. हातापेक्षा डोळ्याचाच राग यायचा. एका शनिवारी मी अंकलना सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून येणार नाही."

त्यांनी कारण विचारलं. मी डोळ्याचं सगळं सांगितलं. आजवर क्लबात कुणालाच सांगितलं नव्हतं.

"चार महिने गप्प का बसलास?" ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी ये. मग सोडायचं तर सोड, लाह." इथल्या बोलीत वाक्याच्या शेवटी असं 'लाह' लावतात.

पुढच्या शनिवारी त्यांनी एका जुन्या पॉइंट टू-टू पिस्तुलावर दुसऱ्या कंपनीची साइट, म्हणजे माशी आणि खाचेची जोडी, बसवून ठेवली होती. एका सभासदाने कधीतरी मागवलेली आणि न आवडून कपाटात पडलेली. मागची खाच चांगली रुंद होती. पुढच्या माशीत लाल काचतंतूचा बारीक तुकडा होता; बाहेरचा उजेड शोषून त्याचं टोक ठिणगीसारखं चमकत होतं. कमिटीची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती.

रेंजवर आमच्या डोक्यावर छप्पर होतं, समोर पंचवीस मीटरवर ऊन. कानांवर आवाज रोखणारे मफ चढवून मी हात उचलला. नेहमीप्रमाणे सगळं धुरकट झालं. पण त्या धुरकटपणात एक लाल ठिपका होता. थोडा पसरट, कडा फाटल्यासारखा, तरी होता. मी तो खाचेच्या मधोमध आणला आणि घोडा ओढला. अशा पाच गोळ्या.

अंकलच्या दुर्बिणीला डावा डोळा लावून बघितलं तर काळ्या वर्तुळात एकही भोक नाही. पाचही खाली, डावीकडे, पांढऱ्या कागदावर. मी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं.

"बघितलंत? ठिपका दिसूनही हे असं."

त्यांनी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं. मग विचारलं, "पाच भोकं एकमेकांपासून किती लांब आहेत?"

मी परत बघितलं. पाचही भोकं बशीतल्या बिस्किटाखाली झाकली गेली असती. एवढी जवळजवळ माझी भोकं तिथे कधीच पडली नव्हती.

"जवळ पडली, तो तू," अंकल म्हणाले. "चुकीच्या जागी पडली, तो स्क्रू. नवी माशी जुनीपेक्षा उंच आहे, म्हणून गोळी खाली जाते. स्क्रू माझ्याकडे आहे."

त्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, मागची खाच थोडी वर उचलली, थोडी उजवीकडे सरकवली. मी पुन्हा पाच गोळ्या झाडल्या. भोकं वर आली, काळ्याच्या काठाशी. आणखी थोडं फिरवलं. तिसऱ्या खेपेला चार आत होती, त्यातलं एक नऊच्या रिंगणात. पाचवं बाहेर गेलं, कारण तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अंकलनी ते पाहिलं असावं. "ऊन फार आहे," म्हणत ते कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला गेले.

घरी आल्यावर मी तो कागद बायकोपुढे धरला. तिला रिंगणांतलं काही कळत नव्हतं, तरी तिने एकेका भोकावर बोट ठेवून बघितलं. "मला पण शिकवतील का हो ते अंकल?" तिने विचारलं. त्यांनी शिकवलं, आणि वर्षभरात ती माझ्यापेक्षा बरी नेम धरू लागली.

त्या सोमवारी मी साहेबांकडे गेलो. बंदरात येणाऱ्या जहाजांची इंजिनं तपासायला माणूस हवा होता, हे मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. डोळ्याचं निमित्त करून मी तोंड उघडलं नव्हतं. साहेब म्हणाले, "तुमच्या डोळ्याला जमेल?" मी म्हणालो, "उजेड जास्त लागेल. मोठी बॅटरी द्या आणि एक महिना बघा."

पहिलं जहाज दुरुस्तीला गोदीत आलं होतं. शिडी चढून वर गेलो, मग इंजिनरूमच्या पायऱ्या उतरताना तेलाचा तो गरम वास आला. तिथला चीफ इंजिनियर रत्नागिरीकडचा निघाला. मला पायऱ्यांवर रेंगाळताना पाहून त्याने हात पुसत विचारलं, "किती दिवसांनी उतरताय खाली?"

"दीड वर्षाने," मी म्हणालो. "चला, आधी जनरेटर बघू."