टोप परत करण्याची अट

आमच्या समोरच्या दारातली ताई केसांचे टोप विणते. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणून बसवायची आणि आकड्यासारख्या सुईने एकेक केस तिच्यात ओवून गाठ मारायची. आठवडेच्या आठवडे. मला बटण लावतानाही सुई टोचते, म्हणून एकदा विचारलं, "कंटाळा येत नाही हो तुम्हाला?"

"केस उलट बोलत नाहीत, वहिनी," ती म्हणाली. "माणसांपेक्षा बरे."

एरवी ती चार घरं हसवत ठेवणारी. पण एक माणूस तिच्या पोटात काट्यासारखा रुतून बसला होता. त्याला सगळे चव्हाटेवाला म्हणतात. हातात कायम मोबाइल. कुठे भांडण, कुठे कुणी पडलं-झडलं की हा हजर. शूटिंग करायचं, वर गाढवाच्या ओरडण्याचा आवाज लावायचा आणि नेटवर सोडून द्यायचं. त्यावर त्याचं घर चालतं आणि मिजासही.

ताईचा नवरा गेला त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, आणि ही मिळेल त्या टॅक्सीत बसली. चौकात गाड्या अडकल्या तसं टॅक्सीवाल्याने दार उघडलं आणि म्हणाला, इथेच उतरा. तिने हात जोडले. रडली. मग चप्पल काढून काचेवर हाणली. जोडलेले हात कुणी टिपले नाहीत, चप्पल तेवढी चव्हाटेवाल्याने टिपली. 'भर चौकात बाईचा थयथयाट.' खाली ओळखीतल्याच कुणा शहाण्याने तिचं पूर्ण नावही लिहून टाकलं. तेव्हापासून नेटवर तिचं नाव शोधलं की पहिली ती चप्पल यायची.

वर्षं गेली. कारखान्यातली नोकरी सोडून स्वतःची खोली उघडायचं तिच्या मनात आलं. आजारपणात ज्यांचे केस गेलेत अशा बायकांसाठी. दारावर स्वतःच्या नावाची पाटी, आत पडदा, एका वेळी एकच बाई. पहिली बाई ठरलीसुद्धा. मग त्या बाईच्या बहिणीचा फोन आला, "तुमचं नाव शोधलं आम्ही. राग मानू नका, पण आमच्या बहिणीला जरा शांत माणूस हवं होतं."

ताई तडक चव्हाटेवाल्याकडे गेली. मी सोबत होते. त्याने खुर्चीतून उठायचीही तसदी घेतली नाही.

"चौकात केलंत ना, बाई? मग ते चौकाचं झालं."

"माझा नवरा गेला होता हो त्या दिवशी."

"ते कुठे दिसतंय त्यात?" तो हसला. "आणि लोकांना आवडतंय. अजून बघतात."

ज्या कंपनीच्या साइटवर ते होतं तिलाही आम्ही लिहिलं. यंत्राने लिहिल्यासारखं उत्तर आलं, की आमच्या कुठल्याही नियमाचा भंग झालेला नाही. नियम शाबूत होते, बाई तेवढी मोडली होती.

पण ती रडली नाही. घरी येऊन जाळी ताणायला घेतली आणि म्हणाली, "वहिनी, ह्याला मी सोडणार नाही." खरं सांगते, मला फार बरं वाटलं. क्षमा वगैरे थोर गोष्ट असेल, पण तिची वेळ यायची होती.

तेव्हापासून ती रोज माझ्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघायला यायची. "शत्रूचा अभ्यास," म्हणायची. मी चहा टाकायचे आणि दोघी मिळून त्याला शिव्या घालायचो. एकदा कुठेसा त्याचा सत्कार चालला होता. गळ्यात पदक घालून घ्यायला तो वाकला आणि क्षणभर टाळू दिसली.

"थांबवा! मागे घ्या!" ताई ओरडली. स्क्रीनला नाक टेकेल इतकी वाकली. "दोन भोवरे."

"असतात एकेकाला. दोन लग्नं होतात म्हणे."

"ह्याचं एक धड होईना! वहिनी, हे माझं काम आहे."

त्यांच्या कारखान्यात गिऱ्हाईक पुढच्या दाराने येतं आणि मालकांनाच भेटतं. मागे विणणाऱ्या बायकांना फक्त डोक्याचा साचा मिळतो, वर एक आकडा. नाव नाही, चेहरा नाही. नवरा गेल्यावर पहिला टोप हातात आला तेव्हा ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि डोक्यावरचा भोवरा तिने दोनदा विणला. असली चूक तिच्या हातून ना आधी झाली ना नंतर. मालक म्हणाले, राहू दे, स्वतःची टाळू कोण बघतंय? तर तो टोप ह्याचा होता.

असे टोप धुवायला, पुढची कड दुरुस्त करायला अधूनमधून परत येतात. ताई वाट बघत बसली. चव्हाटेवाल्याने आपल्या चॅनेलचा मोठा जलसा ठरवला, हॉल घेतला, आणि आठवड्यावर कार्यक्रम आला तसा टोप दुरुस्तीला आलाच. कडेचं काम ती नेहमी घरी आणायची, तसा हाही आणला. मालकांना सांगितलं, गिऱ्हाइकाला माझ्याच घरी पाठवा. मालकांनी तिच्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि गिऱ्हाइकाला तिचा पत्ता कळवला.

कानापर्यंत टोपी ओढून तो जिना चढला. दार ताईने उघडलं, आणि त्याचा चेहरा जो उतरला! मी मुद्दाम तिथेच लसूण सोलत बसले होते.

"तुम्ही?"

"बसा ना. चहा घेणार?"

टेबलावर लाकडी डोकं, डोक्यावर त्याचे केस, छान भांग पाडलेले. त्याने हात पुढे केला. ताईने डोकंच उचलून मांडीवर घेतलं.

"आधी माझं काढा. मग तुमचं घाला."

"ही चोरी आहे! पोलिसात जाईन मी."

"जा की. हरवलेल्या वस्तूचं वर्णन सांगावं लागेल तेवढं. मोठ्याने सांगा, ठाणेदारांना जरा कमी ऐकू येतं."

मला हसू आवरेना. त्याने दात-ओठ खात मोबाइल काढला आणि तो व्हिडिओ पुसला. "झालं? द्या आता."

ताईने मला नाव शोधायला सांगितलं. शोधलं, तर चप्पल अजून होतीच. दुसऱ्यांच्या पानांवर, दुसऱ्या गाण्यांवर.

"ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "लोकांनी उचलून टाकलंय."

"पेरलं कुणी? उपटायचं पण त्यानेच."

मग सुरू झाली त्याची वणवण. ज्याने त्याने उचललं होतं त्याला हा फोन करून गयावया करायचा. एकाने तर त्याला ऐकवलं, "अहो, लोकांना आवडतंय." हे त्याने आम्हालाच येऊन चिडून सांगितलं. ताईने मान डोलावली. "हो ना? मलाही एकाने असंच सांगितलं होतं."

जलसा त्याने टोपी घालूनच उरकला. टोपी काढा, टोपी काढा, असा हॉलभर पुकारा झाला म्हणे. त्याने काढली नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बाहेरून जेवण मागवलं.

अखेर एका दुपारी नाव शोधलं आणि काहीच आलं नाही. मी उलटसुलट करून पाहिलं. ताईने स्वतः पाहिलं. टोप कागदात गुंडाळून तिने त्याला दिला, कडेची दुरुस्ती चोख करून. कामात ती लबाडी करत नाही.

खोली उघडली, पाटी लागली. पहिली बाई आली ती रुमाल बांधून. म्हणाली, "तुमचं नाव शोधलं तर काही सापडेचना. विचारत विचारत आले शेवटी." ताईने तिला आत घेतलं आणि पडदा ओढला.

मी भाजीला म्हणून खाली उतरले तर फाटकाशी चव्हाटेवाला उभा. केस जागच्या जागी. इकडेतिकडे बघत जवळ आला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. त्या दिवशी त्यांच्या घरी... टोपी सरकली होती माझी. त्यांनी फोटोबिटो नाही ना काढला?"

काढला नव्हता. कुणाचं उघडं डोकं चव्हाट्यावर मांडणं ताईला जमलंच नसतं. त्या धंद्यात तसं करणाऱ्या हाताला पुन्हा काम मिळत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. एका शब्दात त्याची सुटका झाली असती.

"मला बाई काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. "नेटवर बघत राहा रोज. आलाच, तर दिसेल."

आणि पिशवी सावरत मी भाजीला गेले.